दवाखाना गावात, चावी साहेबांकडे

मंडळी, सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वरच्या एखाद्या पाड्यावर विचारून बघा. डॉक्टर रजेवर गेले तर तुम्हाला कोण कळवतं? सर्पदंशाचं इंजेक्शन शिल्लक आहे का, कोण सांगतं? उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येईल: कोणी नाही.

कायदा मात्र वेगळंच बोलतो. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की, अनुसूचित क्षेत्रात सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींना द्या. दवाखाना त्यात येत नाही का?

दिलं काय? २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून गावात एक समिती आणि वर्षाला १० हजारांपर्यंत निधी. फवारणी करा, गटारी साफ करा, गप्प बसा!

याच महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली. लोकांनी आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरलं, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारला. विचारण्याची सोय झाली, ठरवण्याची नाही.

"गावात राजकारण शिरेल" म्हणे. अहो, बदल्यांमध्ये ते आधीच शिरलंय की! उपचार डॉक्टरच ठरवतील, तिथे कोणी लुडबुड करू नये. पण हजेरी, औषधसाठा आणि रुग्ण कल्याण समितीचा खर्च, या तिन्हींवर ग्रामसभेची मंजुरी हवीच.

येत्या ग्रामसभेत हे तीन कागद मागा. मिळाले नाहीत, तर तसं इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर उठू नका.