मॅग्नेट बाद म्हणण्याआधी करंट बघा



सकाळी सातची पाळी आणि मोपेड काही केल्या सुरू होत नाही, असा प्रसंग आमच्या शेजारच्या बंधूंवर आला. खाडा झाला, दिवसाची मजुरी गेली. गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच सांगितले, "मॅग्नेट बाद आहे, सगळा नवा टाका." वहिनींनी मुलीच्या फीचे पैसे डब्यातून काढले. आम्ही म्हटले, जरा थांबा. संध्याकाळी गाडी उघडली. गेला होता फक्त कंडेन्सर! तेवढा बदलला, गाडी सुरू झाली, फी डब्यातच राहिली.

१९७२ साली आलेल्या लूनासारख्या जुन्या पॉइंटवाल्या गाड्या अजून काही घरांत आहेत. त्यांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. चाकातील चुंबक कॉइलभोवती फिरला की करंट तयार होतो. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात आणि प्लगवर ठिणगी पडते. जुन्या पेट्रोल-रॉकेलच्या ट्रॅक्टरचे मॅग्नेटोही याच तत्त्वावर चालत. यातला चुंबक सहसा एकाएकी मरत नाही. म्हणून शोध स्वस्त वस्तूपासून सुरू करावा.

पहिले, प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. आधी टाकी, कॉक आणि कार्बोरेटर पाहा. ओला असेल तर पुसून, टोपी लावून त्याचे लोखंडी अंग इंजिनला टेकवा आणि पेडल मारा. निळी, कडक ठिणगी पडली तर करंट ठीक आहे. पिवळी, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर चांगला प्लग लावून पुन्हा बघा. मात्र प्लग त्याच्या भोकापासून दूर धरा; आतून पेट्रोलची वाफ येते, भडका उडेल. टोपीही कोरड्या फडक्याने धरा, झटका जोराचा बसतो.

दुसरे, गाडी बंद करण्याच्या बटणाची वायर सोडवून बघा. ती कुठे घासून बॉडीला लागली की सगळा करंट तिथेच जातो.

तिसरे, चाकाच्या खिडकीतून पॉइंट पाहा. काळे किंवा तेलकट असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवून स्वच्छ कोरड्या कागदाने पुसा. पूर्ण उघडल्यावर फट बहुतेक गाड्यांत ०.४ मि.मी.च्या आसपास असते. फिलर गेजने मोजा. पॉइंट पुन्हा पुन्हा तेलकट होत असतील तर ऑइल सील गळते आहे.

चौथे, पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि ते लवकर जळत असतील, तर कंडेन्सर बदला. गाडी थंड असताना चालते आणि तापली की बंद पडते, तर कंडेन्सर किंवा कॉइलवर संशय घ्या. एवढे सगळे झाल्यावरच मॅग्नेटचा विचार करावा.

एका वेळी एकच वस्तू बदला, म्हणजे दोष कशात होता ते कळेल. हे काम मुलामुलींना जवळ बसवून करा. मिस्त्रीचा आम्हाला राग नाही. पण आपल्या घामाचा पैसा कशावर जातो आहे, हे आपल्याला कळलेच पाहिजे.