श्वसनयंत्राची गोष्ट

2020च्या प्रायश्चित्तकाळात आम्ही प्रवचनातून एक गोष्ट मोठ्या भक्तिभावाने सांगितली. इटलीतील बेर्गामो धर्मप्रांताचे 72 वर्षांचे फादर जुझेप्पे बेरार्देल्ली यांनी म्हणे आपले श्वसनयंत्र एका तरुण रुग्णास देऊन मरण पत्करले. गोष्ट खरी नव्हती. त्यांच्या धर्मप्रांतानेच तिचा इन्कार केला. पुढच्या रविवारी ती मागे घेतली कोणी? आम्ही तरी नाही.

असत्य हा यातला लहान दोष. टंचाईला एकदा त्यागाची झूल चढविली, की यंत्रे अपुरी का पडली हा प्रश्न अभद्र वाटू लागतो. त्याच वर्षी 6 मार्चला इटलीच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने अतिदक्षता विभागातील प्रवेशास वयोमर्यादा घालावी लागू शकेल, असे लेखी कळविले होते. कित्येक वृद्ध तर घरात वा वृद्धाश्रमात चाचणीवाचूनच गेले. साथीच्या बळींत त्यांची गणनाही झाली नाही. खाट सोडता का, असे त्यांना कोणी विचारले नव्हते.

प्राण स्वेच्छेने अर्पण करणे निराळे आणि तो हिरावला जाणे निराळे, हा भेद योहानाच्या शुभवर्तमानात उत्तम मेंढपाळ स्वतः करतो. सेमिनरीत आम्ही तो पाठ केला होता. डॉक्टरांनी निदान आपला कठोर निकष कागदावर उघड मांडला. आम्ही तोच वेदीवर नेऊन त्याला पुण्य म्हटले.