विश्लेषण : अभिनयासाठी नाट्यशाळा हवीच का? प्रवेशापूर्वी काय पाहावे, पदविकेनंतर काय वाट्याला येते?

बारावी किंवा पदवीनंतर ‘मला अभिनयच करायचा आहे’ असे मुलाने वा मुलीने जाहीर केले, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, अभिनय उपजतच असावा लागतो, तो शिकवून येत नाही. दुसरा म्हणतो, रीतसर शिक्षण घे, म्हणजे काम मिळेल. दोन्ही समजुती अर्धवट आहेत आणि दोन्हींची किंमत तरुणांनाच मोजावी लागते. पहिलीमुळे तयारीविना मुंबई गाठली जाते, तर दुसरीमुळे दोन-तीन वर्षे आणि घरची पुंजी चुकीच्या जागी खर्ची पडते. नाट्यशिक्षण नेमके काय देते आणि काय देत नाही, हे म्हणूनच अर्ज भरण्यापूर्वी समजून घ्यायला हवे.

अभिनय शिकवता येतो का?

मराठी रंगभूमीचा इतिहास याचे उत्तर ‘होय’ असेच देतो. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, तेव्हा गळा त्यांच्यापाशी होताच. तरीही त्यांना तालमीतून जावेच लागले. त्या काळी नाटक मंडळी हीच शाळा होती. मुक्काम, जेवण, गाण्याचा रियाज आणि तालीम एकाच छताखाली चाले. बोलपट आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ झळकला आणि पुढच्या काळात नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. त्यांच्याबरोबर शिकण्याची ही जागाही गेली.

पुढे ती पोकळी हौशी संस्थांनी, राज्य नाट्य स्पर्धेने आणि एकांकिका स्पर्धांनी भरून काढली. १९६३ पासून पुण्यात होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयीन मुलांच्या किती तरी पिढ्या घडवल्या. डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण ‘उपजत’ प्रतिभेसाठी अनेकदा दिले जाते. मात्र वैद्यकीय व्यवसाय बाजूला ठेवून १९६९ मध्ये ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले, ते अनेक वर्षे पुण्याच्या पीडीएसारख्या संस्थेत हौशी नाटके करून. नाट्यशाळेचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हते, शिक्षण मात्र होते.

रीतसर शिक्षणाच्या सोयी कोणत्या?

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी) १९५९ मध्ये स्थापन झाले. १९६२ ते १९७७ या काळात इब्राहिम अल्काझी यांनी त्याला शिस्त आणि नाव दिले. तेथे तीन वर्षांचा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम असून निवड झालेल्यांना शिष्यवृत्ती मिळते. रोहिणी हट्टंगडी, ज्योती सुभाष, वामन केंद्रे, अतुल कुलकर्णी, अमृता सुभाष ही तेथे शिकलेली मराठी नावे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आणि गोव्यात कला अकादमीचे नाट्य महाविद्यालय हे जवळचे पर्याय आहेत. कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयासाठी पुण्यातील ‘एफटीआयआय’ आहे. तेथील अभिनयाचा अभ्यासक्रम सत्तरच्या दशकात बंद पडला होता, तो २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला.

सहा नाटकांची अट काय सांगते?

‘एनएसडी’च्या प्रवेशासाठी पदवीबरोबरच किमान सहा नाट्यप्रयोगांतील सहभागाचा अनुभव मागितला जात आला आहे. प्राथमिक निवडचाचणीत पाठ केलेले उतारे सादर करायचे असतात. पुढच्या टप्प्यात दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा होते आणि त्यातून अंतिम निवड ठरते. देशभरातून एका तुकडीत साधारण तीस जण. म्हणजे देशातील अग्रगण्य नाट्यशाळासुद्धा कोरी पाटी घेऊन येणाऱ्याला सहसा दारात उभे करत नाही. शाळेत जाण्यासाठी आधी रंगमंचावर गेलेले असणे ही पूर्वतयारी झाली.

ही अट जाचक वाटेल, पण तिच्यात शहाणपण आहे. सहा नाटके केलेल्या मुलाला नेपथ्य उचलणे, दोन वाक्यांच्या भूमिकेसाठी दोन महिने तालमीला जाणे आणि प्रयोगानंतर कोणी ओळखही न दाखवणे हे सगळे माहीत झालेले असते. एवढे होऊनही ज्याला नाटकच करावेसे वाटते, त्याच्यासाठी पुढचे शिक्षण आहे. मात्र या अटीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात स्पर्धांमुळे सहा नाटके सहज होतात. गडचिरोली वा नंदुरबारच्या मुलीला सहा नाटके कुठे मिळणार? तालुक्याच्या ठिकाणी तालमीची जागा आणि वर्षाला एखादी दीर्घ कार्यशाळा देणे, हे नव्या झगमगीत नाट्यगृहापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगाचे सरकारी काम ठरेल.

शाळेत नेमके काय मिळते?

योग, शरीराच्या हालचाली, आवाज, उच्चार, संहितावाचन, संस्कृत आणि पाश्चात्त्य नाटक, लोककला, प्रकाशयोजना, वेशभूषा असा अभ्यास असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळापत्रकात लिहिलेली नसते. ती म्हणजे चुकण्याची मुभा. व्यावसायिक नाटकात तालमी मोजक्या आठवड्यांच्या असतात. मालिकेत तर आज हाती आलेले पान आजच चित्रित होते. तिथे नट जे हमखास जमते तेच पुन्हा पुन्हा करतो, कारण चुकण्याची चैन कोणालाच परवडत नसते. नाट्यशाळेत तीच भूमिका पाच प्रकारे करून चार वेळा फसता येते आणि का फसलो हे सांगणारे कोणी समोर असते. शिवाय वीस-तीस जणांचा गट तयार होतो. हे सोबती पुढे अनेकदा पहिले काम देतात.

मग कमतरता कुठे आहे?

नाट्यशाळा अभिनेता घडवते, पण त्या अभिनेत्याने जगायचे कसे, हे सहसा शिकवत नाही. बाहेर पडलेल्या तरुणाला नाटकात प्रयोगामागे ‘नाइट’ मिळते, मालिकेत दिवसाचा दर ठरतो आणि पैसे अनेकदा तीन-तीन महिन्यांनी हाती येतात. ऑडिशनचा व्हिडीओ मोबाइलवर स्वतःच करून पाठवायचा असतो. करारातली कलमे, चित्रीकरणाच्या तारखा आणि प्रयोगांचे दौरे यांचा मेळ, प्राप्तिकर, मुंबईतले घरभाडे यांबद्दल वर्गात फार कोणी बोलत नाही. यामुळे तीन वर्षे ग्रीक शोकांतिका अभ्यासलेला नट पहिल्या करारावर न वाचताच सही करतो. शेवटच्या सत्रात कॅमेऱ्यासमोरचे काम, ऑडिशन, करारवाचन आणि आर्थिक नियोजन हे विषय सक्तीचे केल्याने कलेचा दर्जा घसरेल, ही भीती अनाठायी आहे. उलट हिशेब कळणारा नट वाईट कामाला ‘नाही’ म्हणू शकतो.

अभिनयाच्या शिक्षणाचा अर्थ फक्त पडद्यावरचा चेहरा एवढाच घ्यायचे कारणही नाही. ‘एनएसडी’ने १९८९ मध्ये मुलांच्या शिक्षणासाठी नाटक करणारी स्वतंत्र तुकडी उभी केली, ती पुढे ‘संस्कार रंग टोली’ म्हणून ओळखली गेली. शाळांमधील नाट्यशिक्षण, डबिंग, ध्वनिपुस्तके, प्रकाशयोजना, निर्मिती व्यवस्थापन ही कामेही याच शिक्षणातून उभी राहतात. त्यांना ‘अपयशी नटाचा आसरा’ समजणे थांबवले पाहिजे.

खासगी वर्गांचे काय?

काही खासगी कार्यशाळा मनापासून चालवल्या जातात. पण ‘तीन महिन्यांत अभिनेता’ किंवा ‘अभ्यासक्रमानंतर मालिकेत हमखास काम’ अशी जाहिरात दिसली, की सावध व्हावे. भूमिका कोणाला द्यायची हे दिग्दर्शक, निर्माता आणि वाहिनी ठरवते, ते कोणत्याही वर्गाच्या हातात नसते. पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न थेट विचारावेत. प्रत्यक्ष शिकवणार कोण, जाहिरातीतले नाव की त्यांचा साहाय्यक? एका तुकडीत किती विद्यार्थी? प्रेक्षकांसमोर किती प्रयोग होतात? मध्येच सोडल्यास शुल्क परत मिळते का?

आणखी एक प्रश्न विचारायला पालक संकोचतात. अभिनयाच्या वर्गात शरीर आणि भावना हेच साधन असते, त्यामुळे गुरूचा अधिकार फार मोठा होतो. संस्थेत २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती आहे का, हे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. जिथे हा प्रश्न आवडत नाही, तिथे प्रवेश घेऊ नये.

निर्णय कसा घ्यावा?

आधी नाटके करावीत, मग शाळा निवडावी. गावात, महाविद्यालयात, हौशी संस्थेत दोन-तीन वर्षे काम केल्यावर आपले नेमके काय कमी पडते ते कळते. आवाज, वाचन, शरीर की कॅमेऱ्याची सवय, यावरून शाळा ठरवावी, माजी विद्यार्थ्यांच्या प्रसिद्धीवरून नव्हे. पहिल्या प्रयत्नात निवड झाली नाही, तर तो आपल्या क्षमतेचा अंतिम निकाल नसतो. देशभरातून तीसच जण घेतले जातात, तेव्हा चांगली माणसेही बाहेर राहतातच. पालकांनीही ‘यातून नोकरी काय मिळणार’ असे विचारण्याऐवजी ‘पुढची पाच वर्षे खर्च कसा भागवणार’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याच्या वाटेत कोणी आडवे येऊ नये. ज्याच्यापाशी ते अजून नाही, त्याने आणखी एक नाटक करावे आणि तोवर ते शोधावे.