खुनी कोण, ते आधीच सांगा!

‘कोलंबो’ या अमेरिकी टीव्ही मालिकेत खुनी सुरुवातीलाच दिसतो; पोलिस डिटेक्टिव्ह कोलंबो त्याला पकडणार कसा, एवढंच बघायचं. १९७१चा ‘मर्डर बाय द बुक’ हा भाग स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केला म्हणून त्याचा फार उदोउदो होतो. टाइपरायटरच्या टकटकीवरची सुरुवात झकास, पण शेवटचा पुरावा लंगडाच. माझं मत १९७३च्या ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’ला. वाइनसाठी जीव टाकणारा एड्रियन (डोनाल्ड प्लेझन्स, काय माणूस!) वायनरी विकायला निघालेल्या सावत्र भावाला बेशुद्ध करून तळघरात बांधतो, वातानुकूलन बंद करतो आणि न्यूयॉर्कला जातो. नेमकी उष्णतेची लाट येते, वाइन नासते. कोलंबो तीच वाइन त्याला हॉटेलात पाजतो. पहिल्याच घोटाला त्याचं पित्त खवळतं आणि स्वतःच्या जाणकार जिभेनेच तो पकडला जातो. चोरून आणलेल्या बाटलीवर खटला कोर्टात टिकेल का? नसेल टिकत, मला पर्वा नाही. १९७६च्या ‘लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर’मध्ये मात्र खुनी शेवटपर्यंत लपवला, वर कोलंबोकडून नसते चाळे करून घेतले. तेच बघायचं तर अगाथा ख्रिस्तीबाई काय वाईट होत्या?