उतारावर एका वेळी एकच

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले रेव्हलस्टोक हे स्नोमोबाइल चालवणाऱ्यांचे लाडके गाव. जवळच्या माउंट कोपलँडवर १९७१-७२ च्या हिवाळ्यात २४ मीटरहून अधिक बर्फ पडल्याची नोंद आहे. गावाजवळून बोल्डर माउंटनकडे राखलेली वाट चढत जाते. ती संपली की पुढे ना खुणा, ना कुंपण, आणि खरा खेळ तिथूनच सुरू होतो.

गुलमर्गला चालकामागे बसून फेरी मारलेल्यांना यातल्या मेहनतीचा अंदाज येणार नाही. तीव्र उतारावरून आडवे जाताना चालक उभा राहतो, दोन्ही पाय डोंगराकडच्या पायपट्टीवर घेतो आणि दोनशे किलोंहून जड यंत्र त्याच बाजूला कलते ठेवतो. उजव्या अंगठ्याखाली थ्रॉटल. अंगठा ढिला पडला की यंत्र दरीकडे वळते. जास्त दाबला की यंत्राखालचा फिरता पट्टा बर्फ उकरत स्वतःलाच गाडून घेतो. मग उतरायचे, कमरेपर्यंत रुतायचे, फावड्याने समोरचा बर्फ मोकळा करायचा. सोबती पुढच्या स्कीला धरून ओढतात. दिवसात असे काही वेळा झाले की दंड भरून येतात आणि दुपारनंतर चुका वाढतात.

रुतलेल्याच्या मदतीला सोबती धावतो, आणि नेमका तिथेच घात होऊ शकतो.

हिमस्खलने बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे चालकांना सर्वांत जास्त खुणावणाऱ्या उतारांवरच. तिथे दुसरे यंत्र गेले की बर्फाच्या थरावरचा भार वाढतो आणि थर सुटला तर दोघेही गाडले जातात. म्हणून जाणते चालक एक नियम कसोशीने पाळतात: उतारावर एका वेळी एकच. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबायचे आणि वर गेलेल्यावरून नजर हलवायची नाही.

२८ डिसेंबर २००८ रोजी याच प्रांतातल्या फर्नीजवळच्या हार्वी पास भागात स्पारवुड गावचे ११ स्नोमोबाइल चालक गेले होते. पहिल्या हिमस्खलनाने सात जणांना गाडले. उरलेले चौघे त्यांना खणून काढत असताना दुसरे कोसळले. आठ जणांचा जीव गेला. त्या चौघांना कोणीही बोल लावू नये. मित्र बर्फाखाली असताना कोण थांबेल? मात्र एकाच वेळी सात जण धोक्याच्या टप्प्यात कसे सापडले, हे विचारलेच पाहिजे. पुढे १३ मार्च २०१० रोजी बोल्डर माउंटनवर कोण किती उंच चढतो हे पाहायला सुमारे २०० जण उताराखाली जमले होते. धोक्याचा इशारा आधीच दिलेला होता. दोघे दगावले, तीसेक जखमी झाले.

गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर वाचण्याची आशा मोठी असते. अर्ध्या तासानंतर ती फारच कमी उरते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर क्वचितच पोहोचते. वाचवणार ते शेजारचे सोबतीच. प्रत्येकाच्या अंगावर रेडिओ संकेत देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर हवा, बर्फात खुपसून शोधायची घडीची काठी हवी आणि फावडे हवे. काठी-फावडे पाठीवरच्या पिशवीत असले तरच उपयोग, कारण यंत्र स्वतःच गाडले गेले तर त्यावर बांधलेले फावडे कोण काढणार? आणि हे सारे हाताळायचा सराव नसेल, तर मोलाची मिनिटे शोधाशोधीतच जातात.

‘ॲव्हलांच कॅनडा’ ही संस्था हिवाळ्यात रोज धोक्याचा अंदाज फुकट देते. तिने आखलेला प्राथमिक अभ्यासक्रम दोन दिवसांचा आहे. लाखो रुपयांचे यंत्र घेणाऱ्याला दोन दिवस जड नाहीत. तो सक्तीचा करावा म्हटले की डोंगर सर्वांचा, तिथे सक्ती कशाला, असा आक्षेप येतो. स्वतःपुरता धोका असता तर तो मान्य करता आला असता. पण अडाणी सोबती दुसऱ्याचा जीव टांगणीला लावतो, आणि बचावपथकालाही त्याच उतारावर जावे लागते. राखलेल्या वाटांसाठी स्थानिक क्लब शुल्क घेतातच. पावती फाडताना त्यांनी या अभ्यासक्रमाचा दाखलाही मागावा, आणि तो नसेल त्याला वाटेवर सोडू नये.