काहिलीत चुना अंदाजाने नको

परवा तेरणाकाठच्या एका गुऱ्हाळावर गेलो होतो. पहिली काहील उतरली, पाक वाफ्यात ओतला, पण गूळ काही बसेना. हाताला चिकट, बोट लावले की खड्डा. गुळव्या म्हणाला, "सायेब, रसच आंबूस हाय, म्या काय करू?" ऊस तोडून तीन दिवस झाले होते. मजूर मिळाले तेव्हा तोडला, ट्रॅक्टर मिळाला तेव्हा आणला. दुसऱ्या काहिलीला गुळव्याने हायड्रॉसचा डबा काढला. गूळ पिवळाधमक दिसला, मालकही खूश झाला. मला मात्र ते पटले नाही आणि तसे मी तिथेच सांगितले.

शेतकरी बंधूंनो, उसाचा ताजा रसही थोडा आंबटच असतो. सामू साधारण ५ ते ५.५. त्यात ॲकोनिटिक नावाचे आम्ल सर्वांत जास्त आणि बाकीची थोडी थोडी. आम्ल आणि आच एकत्र आले की रसातली साखर फुटते. तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ही दोन्ही हवेतले पाणी ओढतात. म्हणून ढेप पाझरते. अन्नसुरक्षा नियमात गुळात साखर किमान ६० टक्के हवी असे आहे, ती याच कारणाने घटते.

यावर आपल्या वाडवडिलांनी चुन्याची निवळी शोधून काढली. चुना आम्ल मारतो, आणि त्याचबरोबर रसातला गाळ, मेण, प्रथिने यांचे गोळे बांधायला मदत करतो. रानभेंडीचा चिकट रस घातला की हे गोळे वर येतात, तीच मळी. साखर कारखान्यातही रसशुद्धीला चुनाच लागतो, फक्त तिथे सामू मोजायला माणूस बसवलेला असतो. आपल्याकडे मोजतो कोण? गुळव्या चिमटीने टाकतो. चुना कमी पडला की गूळ मऊ. जास्त झाला, सामू ७ च्या वर गेला, की गूळ काळपट पडतो आणि चवही बिघडते. मग "चुन्याने गूळ काळा होतो" म्हणून लोक चुनाच सोडतात अन् हायड्रॉसकडे वळतात. दोष प्रमाणाचा आणि बदनामी चुन्याची.

हायड्रॉस रंग उडवते, आम्ल काढत नाही. साठवणीत तो रंग परत गडद होतो आणि गुळात गंधकाचा अंश राहतो तो वेगळाच. लातूरच्या अडतीत आज दोन पैसे जास्त मिळतील, पण पावसाळ्यापर्यंत ठेवलेल्या मालाचे काय?

आता चुन्याचीही मर्यादा सांगितली पाहिजे, कारण आम्ही विस्ताराचे लोक अर्धेच सांगतो अशी तक्रार असते आणि ती खोटी नाही. शिळ्या उसात जंतू वाढतात, लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ल तयार होते. चुना टाकला की सामू वर येतो खरा, पण या आम्लांचे चुन्याबरोबर होणारे क्षार पाण्यात विरघळतात. ते मळीत येत नाहीत, गुळातच राहतात. जंतूंनी केलेली बुळबुळही चुन्याने नीट जात नाही. तेव्हा तीन दिवसांच्या उसावर कोणताही चुना उपाय नाही. आज तोडलेला ऊस आजच, फार तर उद्या सकाळी चरकात गेला पाहिजे. तोड आणि चरक यांचा मेळ बसत नसेल तर तोड थांबवा.

काहींनी मला मुलतानी मातीचे विचारले. माती रंग आणि घाण धरून ठेवते हे बरोबर, पण नंतर ती बारीक गाळणीतून पूर्ण काढावी लागते. आपल्या उघड्या काहिलीवर ते जमत नाही, गुळात कचकच येते. त्या नादाला लागू नये.

काय करावे? सामू बघण्याचा कागद घ्यावा, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला. रस तापायला लागला की उकळीच्या आत निवळी थोडी थोडी सोडावी. कागद ६ च्या जरा वर आला की थांबावे, साडेसहाच्या पुढे जाऊ नये. चुना खाण्याच्या प्रतीचा घ्यावा, भिंतीला लावायचा नव्हे. निवळी रात्री भिजवून वरचे स्वच्छ पाणीच वापरावे.

सरपंच आणि ग्रामसेवकांना एक विनंती. दरवर्षी प्रशिक्षण ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होते, खुर्च्या भरतात मालकांनी, आणि गुळव्या तिकडे काहिलीजवळ असतो. यंदा ते गुऱ्हाळावरच ठेवा, सकाळच्या पहिल्या काहिलीला. आसपासच्या चार गावांचे गुळवे बोलवा, त्यांची त्या दिवसाची हजेरी मालकांनी बुडवू नये एवढे बघा. कागदाच्या पट्ट्या मी घेऊन येतो.