घराखालची खोली राहण्याजोगी करताय? टाइल्स नंतर, आधी पाण्याचं बघा!

चतुर्थीला मुंबईहून सगळे आले की घर अपुरं पडतं. मग कुणीतरी म्हणतंच, "खालची खोली नुसती पडून आहे, ती नीट करून घेऊया." मालवण परिसरात उतारावर बांधलेल्या बऱ्याच घरांखाली अशी जागा असते. मागची भिंत डोंगरात, पुढची बाजू उघडी आणि आत सरपण, झावळ्या, जुनी जाळी. पर्यटक वाढल्यापासून तर प्रत्येक रिकाम्या खोलीत होमस्टे दिसायला लागला आहे.

कल्पना चांगली आहे. अडचण आहे ती खर्चाच्या क्रमाची. हातात थोडे पैसे असले की आपण टाइल्स, पुट्टी आणि पीओपीपासून सुरुवात करतो. आमच्या घरी हेच झालं. मे महिन्यात चकाचक झालेल्या खोलीच्या भिंतींना ऑगस्टमध्ये पोपडे आले. मी इंजिनीअर असूनही रंगाच्या डब्यावरच्या 'वॉटरप्रूफ' या शब्दावर विश्वास ठेवला होता.

पाणी येतं कुठून?

सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या छपरावरून एका पावसाळ्यात पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी खाली येतं. पन्हळ नसेल तर त्यातलं बरंचसं भिंतीच्या पायाशीच मुरतं. जांभा चिरा सच्छिद्र असल्यामुळे तो हे पाणी शोषून आत आणतो. पाण्याबरोबर क्षारही येतात, आणि भिंतीला लोणा लागतो.

अशा भिंतीला आतून रंग लावून उपयोग नाही. पाण्याचा दाब बाहेरून असतो, तो रंगाला आतल्या बाजूला ढकलतो. पाणी अडवायचं तर बाहेरच अडवायला हवं.

फुकटातली चाचणी

भर पावसात हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस थांबा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर दमट हवेतलं पाणी गार पृष्ठभागावर जमतं आहे. पहिल्या प्रकारात बाहेर चर खणावा लागेल. दुसऱ्यात खिडक्या आणि एक्झॉस्ट फॅनवर बरंच काम भागू शकतं.

पैसे कोणत्या क्रमाने घालावेत?

• छपराला पन्हळ लावा आणि पाणी घरापासून लांब सोडा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम हेच.

• डोंगराकडच्या भिंतीबाहेर चर काढा. तो खोलीच्या जमिनीपेक्षा खोल हवा, पण पायाच्या खाली जाता कामा नये. त्यात भोकं असलेला पाइप आणि खडी घालून उताराला वाट द्या. हे काम जाणकाराला दाखवूनच करा.

• जमिनीवर जाड प्लास्टिक कागद अंथरून वर काँक्रीट घाला. साधा कोबाही चालतो.

• राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दमट-उष्ण हवामानात खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या एक षष्ठांश हवं. दहा बाय बाराच्या खोलीला चार बाय अडीच फुटांच्या दोन खिडक्या लागतात.

• ओलसर जागेत वीज घेताना आरसीसीबी बसवाच.

• पुट्टी, पीओपी आणि भिंतीला चिकटून प्लायवूडचं कपाट हे सगळं यादीतून काढून टाका.

कुठे थांबायचं?

राहत्या खोलीची उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट असावी असं संहिता सांगते. ती मिळवण्यासाठी आतली जमीन खणू नका, पाया उघडा पडून वरचं घर धोक्यात येईल. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत तळघराला साठवण, पार्किंग अशा वापरांची मुभा आहे, राहण्याची नाही. तुमच्या मंजूर नकाशात ही जागा तळघर आहे की तळमजला, हे आधी पाहा. किनाऱ्याजवळ सीआरझेडचे नियमही लागतात. शहरात नगरपरिषदेत आणि गावात ग्रामपंचायतीत विचारल्याशिवाय काम सुरू करू नका. देवबागसारख्या समुद्र आणि कर्ली नदीच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर तर जमिनीखाली खोली काढण्याचा विचारच सोडा.

आणखी एक. जिथे बुरशीचा वास येतो, जिथे आपण आजीला झोपवणार नाही, तिथे पाहुण्याकडून पैसे घेऊन त्याला झोपवणं मला पटत नाही.

म्हणून यंदा फक्त पन्हळ, चर आणि खिडक्या करा. एक पावसाळा त्या खोलीत रिकामी खाट ठेवून बघा. भिंत कोरडी राहिली तर दिवाळीनंतर उरलेलं काम काढा. या चतुर्थीला पाहुणे पडवीत झोपतील, इतकी वर्षं झोपतच होते.